कॉव्हेंट्रीवरचा बर्फ आणि हिंदी महासागरातली कवचं

कॉव्हेंट्रीहून पूर्वेकडे काही किलोमीटर गेलं की एव्हन नदीच्या काठी वोल्स्टन नावाचं गाव लागतं. समुद्र इथून कुठल्याही दिशेला दूर. कॉव्हेंट्रीच्या पलीकडच्या अंगाला असलेलं मेरिडन हे गाव तर परंपरेनं इंग्लंडचा मध्य मानलं जातं. अशा या भूभागाच्या पोटात, वोल्स्टनच्या आसपास, चिकणमातीचे आणि वाळू-गोट्यांचे जाड थर आहेत. ही माती बर्फानं आणून टाकली. कधी आणली, यावर भूवैज्ञानिकांचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो ‘१२’, दुसरा म्हणतो ‘६’.

हे आकडे आले कुठून? वोल्स्टनमधून नव्हे, इंग्लंडच्या जमिनीतूनही नव्हे. ते आले हजारो किलोमीटर दूरच्या महासागरांच्या तळातून, वाळूच्या कणाएवढ्या जिवांनी मागे ठेवलेल्या कवचांतून. इंग्लंडच्या मधोमध बर्फ कधी आला, हे उष्ण कटिबंधातल्या समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय जीवाला कसं ठाऊक?

आधी वोल्स्टनची माती बघू. ती नीट वाचणारा माणूस इथलाच होता. फ्रेडरिक शॉटन यांचा जन्म १९०६ चा, कॉव्हेंट्रीला लागून असलेल्या एक्झॉलमधला. शाळा कॉव्हेंट्रीतली बॅब्लेक. पुढे ते बर्मिंगहॅमला प्राध्यापक झाले. मधल्या काळात दुसरं महायुद्ध आलं, तेव्हा त्यांच्या भूविज्ञानाचा उपयोग सैन्यानं करून घेतला: आफ्रिकेच्या वाळवंटात पाणी कुठे लागेल, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर रणगाडे रुततील की चालतील. युद्ध संपलं आणि १९५३ मध्ये त्यांनी कॉव्हेंट्री, रग्बी आणि लेमिंग्टन यांच्या मधल्या टापूतल्या थरांवर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. घरामागच्या मातीवर इतक्या बारकाईनं लिहिलेलं फार थोडं असेल.

सगळ्यात खाली बॅगिंटनची वाळू आणि गोटे. बॅगिंटन म्हणजे कॉव्हेंट्रीचा विमानतळ आहे तिथलं गाव. हे गोटे एका नदीनं आणले, आणि ती नदी आज अस्तित्वातच नाही. आजची एव्हन वोल्स्टनवरून नैऋत्येला, सेव्हर्न नदीकडे जाते. ती जुनी नदी नेमकी उलट, ईशान्येला वाहत होती. पुढे पूर्व इंग्लंड ओलांडून उत्तर समुद्राच्या दिशेला जात होती. तिला आता बायथम म्हणतात. कॉव्हेंट्रीच्या दक्षिणेला बबेनहॉलजवळ वेव्हर्ली वूड नावाची खाण आहे. तिथे या नदीच्या गाळात सरळ सुळ्यांच्या हत्तीचे अवशेष सापडले आणि त्याच ठिकाणी माणसानं घडवलेल्या दगडी हातकुऱ्हाडीही. कॉव्हेंट्रीच्या वेशीवर हत्ती होते आणि हत्यारं घडवणारी माणसं होती!

मग त्या गोट्यांवर येते वोल्स्टनची चिकणमाती. तिच्यात काही ठिकाणी पातळ पातळ पदर दिसतात, एकावर एक, सपाट. असे पदर वाहत्या पाण्यात बसत नाहीत. त्यांना साचलेलं, शांत पाणी लागतं. शॉटन यांनी निष्कर्ष काढला की उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फानं नदीची वाट अडवली, पाणी तुंबलं आणि मिडलंड्सवर एक प्रचंड सरोवर तयार झालं. त्याला त्यांनी हॅरिसन सरोवर हे नाव दिलं. पुढे बर्फच त्यावर चढून आला, आपल्यासोबत दगडगोट्यांनी भरलेली माती घेऊन. बर्फ वितळून मागे हटला तेव्हा वरती डन्समोरची खडी पसरली. नदीचा उतार बदलला, पाणी उलट्या दिशेला वाहू लागलं. सरोवर शॉटन म्हणाले तेवढं मोठं होतं का, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. पण घटनाक्रमाचा हा सांगाडा टिकला. १९७३ मध्ये तर ब्रिटनच्या एका अख्ख्या हिमकालाला ‘वोल्स्टनियन’ असं या छोट्या गावाचं नाव मिळालं.

क्रम समजला, पण तारीख? इथे जमीन हात टेकते. बर्फाची एक वाईट खोड आहे: तो नवा आला की जुन्याच्या खुणा खरवडून नेतो. चार वेळा आला असेल तर चौथ्यानं पहिल्या तिघांचे बहुतेक पुरावे पुसलेले असतात. आल्प्समध्ये काम करणाऱ्या पेंक आणि ब्रुकनर यांनी १९०९ मध्ये चार हिमकाल सांगितले, आणि पुढची कित्येक दशकं सगळे चारच धरून चालले. जमिनीवर तेवढेच सापडत होते.

आता कॉव्हेंट्री सोडून खुल्या समुद्रात जाऊ, किनाऱ्यापासून लांब. तिथे पाण्याच्या वरच्या थरात फोरॅमिनिफेरा नावाचे जीव तरंगत असतात. जाणकार त्यांना नुसतं ‘फोरॅम’ म्हणतात. शरीर एका पेशीचं, ना डोळे ना मेंदू, आयुष्य साधारण दोन ते चार आठवड्यांचं. पण हा जीव समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट वेचून स्वतःभोवती चुनखडीचं कवच बांधतो. एक कप्पा झाला की त्याला लागून दुसरा, मग तिसरा, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठा, वळण घेत घेत. जीव मेला की कवच खाली जातं. खाली तळाशी गाळ साचण्याचा वेग असतो हजार वर्षांत दोन-तीन सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या बोटाच्या एका पेरात हजार वर्षांचे समुद्र झोपलेले. आणि तिथे खरवडून न्यायला बर्फ नाही, नांगर नाही, पाऊस नाही. जहाजावरून वजन लावलेली लांब पोकळ नळी तळात घुसवायची, गाळाचा लांबच लांब दांडा वर ओढायचा, आणि वरून खाली वाचत जायचं.

वाचायचं काय? ऑक्सिजन.

समुद्राच्या पाण्यातले सगळे ऑक्सिजन अणू सारखे नसतात. बहुतेकांचं वजन १६, पण दर १० लाखांमागे सुमारे २००५ अणू १८ वजनाचे, थोडे जड. रासायनिक वागणूक एकच, फरक फक्त ओझ्याचा. वारीत दिवेघाट चढताना पाठीवर हलकं गाठोडं असलेला वारकरी सहज पुढे निघतो आणि जड गाठोड्याचा मागे रेंगाळतो, तसंच इथे होतं. ऊन पडलं की हलके रेणू जास्त सहजपणे वाफ होऊन निघतात, जड मागे राहतात. ढग ध्रुवांकडे सरकताना वाटेत पाऊस पडतो, तेव्हा जड आधी गळतात. ध्रुवाजवळ बर्फ म्हणून जे पडतं त्यात जड अणू फारच कमी उरलेले असतात.

एरवी हा बर्फ वितळून पाणी परत समुद्रात येतं आणि हिशोब जुळतो. हिमकालात मात्र ते परत येत नाही. हलकं पाणी खंडांवर दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होऊन अडकून बसतं. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमकालाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली गेली होती. एवढं पाणी काढून घेतल्यावर उरलेल्या समुद्रात जड ऑक्सिजनचं प्रमाण किती वाढलं? १० लाखांमागे २००५ होते, ते २००७ झाले.

फक्त दोन! दहा लाखांत दोन अणूंचा फरक, आणि तो कवचाच्या चुन्यात उतरला, लाखो वर्षं टिकला, आणि माणसानं मोजला. मला या सगळ्या कथेत याहून थक्क करणारं काही दिसत नाही.

ही युक्ती सुचली ती तापमान मोजण्यासाठी. हॅरॉल्ड युरी यांना जड हायड्रोजनच्या शोधासाठी १९३४ चं नोबेल मिळालेलं. १९४७ मध्ये त्यांनी गणित मांडलं की पाणी जितकं थंड, तितका कवचात जड ऑक्सिजन किंचित जास्त जातो; एका अंशाला हजारात सुमारे ०.२ भाग. शिकागोच्या प्रयोगशाळेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या स्काय बेटावरच्या एका बेलेम्नाइटचा जीवाश्म घेतला. बेलेम्नाइट म्हणजे माकुळाचा जुरासिक काळातला नातेवाईक. त्याच्या कवचाला झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात. एकेका वर्तुळाचा चुना खरवडून मोजला तर तापमान वर-खाली होताना दिसलं: उन्हाळा, हिवाळा, उन्हाळा, हिवाळा. हा प्राणी साधारण चार वर्षांचा होऊन वसंतात मेला, असं त्यांनी १९५१ मध्ये लिहिलं. पंधरा कोटी वर्षांहूनही जुन्या प्राण्याचा मरणाचा ऋतू!

युरींच्याच प्रयोगशाळेतल्या चेझारे एमिलियानी यांनी हे तंत्र समुद्रतळाच्या फोरॅमना लावलं. १९५५ मध्ये त्यांनी दाखवलं की गाळात खाली जाताना आकडे लाटेसारखे हेलकावत जातात. त्यांनी लाटांना क्रमांक दिले. आजचा उबदार काळ १, त्याखालचा थंड २, पुढे विषम ते उबदार, सम ते थंड. वोल्स्टनच्या वादातले १२ आणि ६ हे याच मोजणीतले. दोन्ही सम आहेत हे लक्षात आलंच असेल.

पण एमिलियानी यांचं एक गृहीतक केंब्रिजच्या निकोलस शॅकल्टन यांना खटकलं. कवचात जड ऑक्सिजन वाढला तो पाणी थंड झालं म्हणून, की पाणी बर्फात अडकलं म्हणून? दोन्ही गोष्टी आकड्याला एकाच दिशेनं ढकलतात. शॅकल्टन यांनी वाट काढली ती साधी आणि फार सुंदर. काही फोरॅम पृष्ठभागावर न तरंगता समुद्रतळावर राहतात. तिथलं पाणी आजच गोठणबिंदूच्या जवळ आहे. हिमकालात ते आणखी किती थंड होणार? म्हणून तळच्या कवचांतही तितकाच हेलकावा दिसला, तर तो मुख्यतः बर्फाचा. अडचण एकच, तळचे फोरॅम गाळात फार थोडे सापडतात आणि अणूंची वजनं मोजणाऱ्या त्या वेळच्या मास स्पेक्ट्रोमीटर यंत्राला भरपूर चुना लागे. शॅकल्टन यांनी यंत्रच सुधारून घेतलं, मोजक्या कवचांवर भागेल असं. १९६७ मध्ये उत्तर आलं: तळच्या कवचांतही तसाच हेलकावा. तळाचं पाणीही दोन-तीन अंशांनी थंड झालं होतं, हे पुढच्या मोजमापांनी दाखवलं. पण मोठा वाटा बर्फाचाच.

याचा अर्थ काय होतो बघा. समुद्राचं पाणी सगळीकडे फिरतं, हजार-दोन हजार वर्षांत जगभर मिसळतं. कॅनडावर बर्फ साचो, स्कँडिनेव्हियावर साचो, नाहीतर कॉव्हेंट्रीवर, त्याची खूण प्रत्येक महासागरात उमटते. १९७३ मध्ये शॅकल्टन आणि नील ऑपडाइक यांनी पॅसिफिक महासागरात विषुववृत्ताजवळून काढलेल्या गाळात २२ टप्पे मोजले. त्याच गाळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उलटल्याची खूणही मिळाली, आणि तो काळ ज्वालामुखीच्या खडकांवरून माहीत असल्यामुळे टप्प्यांना वयं देता आली. आज ही मोजणी शंभराच्या पुढे गेली आहे. गेल्या सुमारे २६ लाख वर्षांत थंड टप्पे पन्नासच्या आसपास. जमिनीवर मोजलेले चार!

मग हे हेलकावे घडवतं कोण? त्याचं उत्तर आपल्या हिंदी महासागरातून आलं. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्या मधल्या दक्षिण हिंदी महासागरातून काढलेले गाळाचे दोन दांडे, म्हणजे कोअर, एकाचं नाव आरसी११-१२०, दुसऱ्याचं ई४९-१८. हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी त्यांतली साडेचार लाख वर्षं वाचली. डिसेंबर १९७६ मध्ये निकाल जाहीर झाला. हेलकाव्यांत तीन ताल होते: सुमारे एक लाख वर्षांचा, ४१ हजारांच्या आसपासचा आणि २३ हजारांचा. हे पृथ्वीच्या कक्षेचे ताल आहेत. कक्षा कधी जरा लांबट होते, आस कधी जास्त कलते, आणि ती आस भोवऱ्याच्या दांडीप्रमाणे संथ गिरकी घेते. सर्बियाचे मिलुटिन मिलान्कोविच यांनी हे गणित कागदावर करून ठेवलं होतं. पुष्कळांचा त्यावर विश्वास नव्हता. पुरावा दिला तो पाव मिलिमीटरच्या कवचांनी.

आता वोल्स्टनला परत जाऊ. शॉटन यांना वाटलं होतं की तिथला बर्फ शेवटून दुसऱ्या मोठ्या हिमकालातला, म्हणजे समुद्राच्या मोजणीत टप्पा ६, सुमारे १ लाख ९० हजार ते १ लाख ३० हजार वर्षांपूर्वीचा. १९८० च्या दशकात इतरांनी ती माती पूर्वेकडे मागोवा घेत नेली, तर ती पूर्व इंग्लंडच्या लोस्टॉफ्ट मातीला जाऊन मिळते असं दिसलं. आणि ती माती हॉक्स्न गावच्या, टप्पा ६ च्या बऱ्याच आधीच्या उबदार काळातल्या सरोवराच्या गाळाखाली आहे. म्हणजे ती कितीतरी जुनी: टप्पा १२, सुमारे ४ लाख ७८ हजार ते ४ लाख २४ हजार वर्षांपूर्वीची. समुद्राच्या नोंदीत हा टप्पा सगळ्यात खोल खळग्यांपैकी एक. आज बहुतेकांचा कल १२ कडे आहे. मिडलंड्सच्या काही भागात ६ मध्येही बर्फ पोचला होता असं मानणारे अभ्यासक आहेत. मला १२ जास्त पटतं, कारण एवढी मोठी नदी कायमची पुसून टाकायला तसाच दांडगा बर्फ हवा. पण ज्या हिमकालाला वोल्स्टनचं नाव दिलं, तो वोल्स्टनमध्ये नसेलच, ही शक्यता काय विलक्षण आहे!

इथवर आपण बर्फ मोजला. पण पाणी किती गरम होतं आणि किती खारट, हे राहिलंच. पृष्ठभागावरच्या कवचातला आकडा तीन गोष्टींचा मिळून बनतो: जगभरचा बर्फ, तिथलं तापमान, आणि तिथे पडलेला पाऊस. पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी हलकं असतं, ते मिसळलं की जड ऑक्सिजनही घटतो आणि खारटपणाही. हे तिन्ही सुटे करायचे कसे?

मदतीला येतं मॅग्नेशियम. कवच बांधताना कॅल्शियमच्या जागी थोडं मॅग्नेशियम चुकून बसतं, आणि पाणी जितकं उबदार तितकं जास्त. एका अंशाला सुमारे ९ टक्के. त्याला बर्फाशी देणंघेणं नाही. म्हणजे एकाच कवचात दोन मोजमापं. मॅग्नेशियमवरून तापमान काढायचं, ते ऑक्सिजनच्या आकड्यातून वजा करायचं, मग जगभरच्या बर्फाचा वाटा वजा करायचा. उरतो तो त्या जागेचा पाऊस आणि बाष्पीभवन, म्हणजेच क्षारता. २००० साली एल्डरफील्ड आणि गान्सन यांनी हा मार्ग पक्का करून दाखवला.

हे काम गोव्यात दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत, एनआयओत, चालतं. १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेत सागर कन्या जहाजावरून आणलेला गाळ पोचतो. चमचाभर गाळ बारीक चाळणीवर पाण्यानं धुतला की चिखल निघून जातो, मागे पांढरी रेती राहते. ती सूक्ष्मदर्शकाखाली पसरली की कळतं, ही रेती नाहीच, सगळी कवचं! ओल्या, एक-दोन केसांच्या कुंचल्यानं त्यांतून नेमक्या एका जातीची निवडायची. बहुधा ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर, कारण ती पृष्ठभागाजवळ राहते. शेवटच्या वळणात तीन फुगीर कप्पे, त्यावरून ओळखू येते. हिची एक गुलाबी जातही आहे. अटलांटिकमध्ये ती आजही जगते, पण हिंदी महासागरातून सुमारे १ लाख २० हजार वर्षांपूर्वी नाहीशी झाली. त्यामुळे आपल्याकडच्या गाळात गुलाबी कवच दिसू लागलं की तुम्ही किती खाली पोचलात ते यंत्राविना कळतं. निवडलेली कवचं दोन काचांमध्ये हलकेच चिरडायची आणि पुन्हा पुन्हा धुवायची, कारण कप्प्यात अडकलेल्या चिखलाच्या कणातही मॅग्नेशियम असतं आणि ते सगळा हिशोब बिघडवतं.

२००५ मध्ये याच संस्थेच्या राजीव सारस्वत, राजीव निगम आणि सहकाऱ्यांनी विषुववृत्ताजवळच्या हिंदी महासागराची सुमारे १ लाख ३७ हजार वर्षांची तापमानं अशा कवचांतून काढली. शेवटच्या हिमकालाच्या भरात तिथलं पाणी आजच्यापेक्षा सुमारे २ अंशांनी थंड होतं. आणि खारटपणा? १९८२ मध्येच फ्रान्सच्या ज्यां-क्लोद ड्युप्लेसी यांनी ऑक्सिजनवरून ताडलं होतं की त्या काळात बंगालच्या उपसागराचं पाणी आजच्यासारखं गोडसर नव्हतं. नैऋत्य मोसमी वारे दुबळे झाले होते, गंगा-ब्रह्मपुत्रेचं पाणी घटलं होतं. उत्तर युरोप बर्फाखाली होता तेव्हा आपल्याकडे पाऊस रोडावला होता.

क्षारतेचा आकडा मात्र तापमानाएवढा नेमका येत नाही. दोन वजाबाक्या झाल्या की दोन्हींच्या चुका त्यात साठतात. म्हणून निगम आणि त्यांच्या गटानं दुसरी बाजू धरली: जिवंत फोरॅम प्रयोगशाळेत वाढवायचे, पाण्याचा खारटपणा कमी-जास्त करायचा आणि कवच कसं बदलतं ते बघायचं. पाणी फार गोडं केलं की पारदर्शक कवच आधी धुरकट होतं आणि मग विरघळायलाच लागतं.

याच गटाचं कारवारचं काम मला फार आवडतं. तिथे काळी नदी समुद्राला मिळते, आणि पाऊस चांगला झाला की किनाऱ्याजवळचा खारटपणा उतरतो. त्या गाळात रोटॅलिडियम अॅनेक्टेन्स नावाचा तळावर राहणारा फोरॅम आहे. फोरॅमची पिढी दोन प्रकारे जन्मते. नर-मादी पेशींच्या मीलनातून जन्मली तर कवचाचा पहिला कप्पा लहान असतो, नुसत्या विभाजनातून जन्मली तर मोठा. परिस्थिती बदलली की दोन्ही प्रकारांचं प्रमाण बदलतं, आणि त्या पहिल्या कप्प्याचा सरासरी आकारही. निगम, खरे आणि नायर यांनी थरामागून थर हे पहिले कप्पे मोजले आणि १९९५ मध्ये लिहिलं की भारतातल्या दुष्काळांना सुमारे ७७ वर्षांचं आवर्तन असावं. सूर्यावरच्या घडामोडींच्या दीर्घ चक्राशी त्याचा संबंध लागतो का, हेही त्यांनी त्याच लेखात तपासलं. सूर्यापासून पावसापर्यंत, पावसापासून काळी नदीपर्यंत, आणि तिथून एका पेशीच्या जन्माच्या वेळच्या कप्प्याच्या मापापर्यंत!